काटेवाल्यांच्या बारा खुंट्या

त्यांना सगळे काटेवाले म्हणत. खरं नाव बँकेच्या पासबुकावर होतं आणि तिथेच राहिलं. वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या एका छोट्या कारखान्यात ते वयाच्या एकविसाव्या वर्षी चिकटले आणि पुढे दुसरीकडे जावं असं त्यांच्या मनात कधी आलं नाही. तळमजल्यावर एक लांबट खोली, तीन टेबलं, आणि शेजारच्या लाँड्रीच्या भिंतीकडे उघडणारी एक खिडकी. त्या खिडकीखालचं टेबल त्यांचं. तिथे मखमली खाचांच्या पेटीत पितळी वजनं असत. ती उचलायला काटेवाले सुती हातमोजे घालत, कारण बोटांच्या घामाने वजन वाढतं. फार नाही, पण वाढतं.

आठवड्यातले तीन दिवस ते बाहेर जात. किराणा दुकानं, धान्याची गोदामं, दवाखाने, भंगारवाले. हातात पान्यांची पेटी आणि खिशात छोटी टॉर्च घेऊन ते दारात उभे राहिले की दुकानदार जरा जपून बोलू लागत. काटेवाले कुणाला काही म्हणत नसत. खाली वाकून, एक डोळा मिटून काट्याकडे बघत राहत, आणि तेवढंही लोकांना पुरेसं होई.

घरीही माणूस तोच. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. नळ गळत नसे, बिजागरी कुरकुरत नसे, घड्याळ मागे पडत नसे. कुणी दुसऱ्याने ठोकलेला खिळा ते काढून पुन्हा ठोकत. बायको सुरुवातीला चिडायची. पुढे तिने खिळे ठोकणंच सोडून दिलं आणि दोघांचं बरं चाललं.

बायको रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षात कामाला होती. कानाला हेडफोन, समोर पडदा, आणि पलीकडे घाबरलेली माणसं. आठ तास ती एकाच सुरात बोलायची. तो सूर घरी कधी लागला की मुलं समजत, आता ऐकलेलं बरं.

मुलं दोन. थोरली अकरा वर्षांची, अंगाने काटकुळी, बोलायला कमी आणि लक्षात ठेवायला पक्की. धाकटा आठ वर्षांचा, त्याचं सगळं उलट.

काटेवाल्यांना तंबूचं वेड लागलं, त्यालाही कामच कारण झालं. त्यांचं बालपण एका दुकानामागच्या खोलीत गेलं होतं. खिडकी नव्हती, आणि झोपायचं ते पोत्यांच्या थप्पीशेजारी. सव्वीस वर्षांचे असताना कारखान्याने त्यांना दूर एका दगडाच्या खाणीवर ट्रक तोलायचा काटा बसवायला पाठवलं. राहायला जागा नव्हती म्हणून खाणवाल्यांनी तंबू दिला. नऊ दिवस ते त्या तंबूत राहिले. पहाटे कापडाच्या चिरेतून उजेड आत येई, तो बघत पडून राहायचं, एवढंच ते करत. परत आल्यावर त्यांनी एक जुना हिरवा तंबू विकत घेतला. लग्न झालं, मुलं झाली, धाकटा चार वर्षांचा झाल्यावर दर सुट्टीत एकदा चौघं तंबू घेऊन बाहेर पडू लागली.

शहरापासून तीन तासांवर एक तळं होतं. बसथांब्यापासून पुढे तासभर चालायचं. निघायच्या आदल्या दिवशी काटेवाले स्वयंपाकघराच्या दाराला ताणकाटा लटकवत आणि प्रत्येकाची पिशवी त्याला अडकवत. पोराच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त ओझं नको, हा त्यांचा नियम. धाकट्याच्या पिशवीतलं कापडी कासव तीनशे दहा ग्रॅम भरलं होतं. ते दर वर्षी बाहेर काढलं जाई आणि धाकटा दर वर्षी आवाज न करता रडे.

तळ्यावर पोचल्यावर काटेवाले मुलांना एका सपाट दगडावर बसवत. "हलू नका, लगेच होतं," म्हणत. आणि खरंच लगेच होई. वीस मिनिटांत तंबू उभा, दोऱ्या तारेसारख्या ताणलेल्या, स्टोव्ह पेटलेला. नकाशा त्यांच्या खिशात, काडेपेटी त्यांच्या खिशात, टॉर्च त्यांच्या गळ्यात. धाकट्याने एकदा दोरी धरायचा प्रयत्न केला. "तिथे नको, पाय अडकेल," असं म्हणून त्यांनी ती प्रेमाने काढून घेतली. अशा चार सहली झाल्या.

मग थोरलीच्या शाळेत "सुट्टीतला अनुभव" असा निबंध आला. वही सहीला आली तेव्हा काटेवाले जेवून बसले होते. त्यांनी चष्मा लावून वाचलं.

"आम्ही दर वर्षी तळ्यावर तंबूत राहायला जातो. बाबा तंबू ठोकतात. बाबा स्टोव्ह पेटवतात. बाबा नकाशा बघतात. आई भात करते. मी आणि माझा भाऊ दगडावर बसतो. मग आम्ही घरी येतो."

खाली लाल शाईत दहापैकी सात गुण होते आणि "सविस्तर लिहा" असा शेरा.

शुद्धलेखनाची चूक एकही नव्हती. काटेवाल्यांनी ती शोधली होती. त्यांनी सही केली, वही मिटली, पुन्हा उघडली आणि बायकोपुढे सरकवली.

"हे काय लिहिलंय हिने?"

बायकोने उभ्याउभ्याच वाचलं. "खोटं काय आहे त्यात?"

"अगं, पण असं वाटतं की आपण त्यांना कोंडून ठेवतो."

"कोंडून नाही. बसवून ठेवतो," ती म्हणाली आणि ड्यूटीला गेली.

त्यानंतर तीन आठवडे काही झालं नाही. निबंध त्यांच्या मनात राहिला, पण त्याचं करायचं काय हे त्यांना सुचत नव्हतं. वजन कमी भरलं तर काटा उघडून बघता येतो. इथे उघडायचं काय?

तेवढ्यात अपघात झाला. एका गोदामात मोठ्या काट्यावर वीस वीस किलोची लोखंडी वजनं रचून तपासणी चालली होती. गोदामातल्या हमालाने एक वजन जरा तिरपं ठेवलं. त्याने काही बिघडणार नव्हतं. काटेवाले ते सरळ करायला वाकले, वरचं वजन घसरलं आणि उजव्या हाताची दोन बोटं खाली सापडली. हाड मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर आणि सहा आठवडे हात गळ्यात. सुट्टीची सहल बरोबर दोन आठवड्यांवर आली होती.

"या वर्षी रद्द," त्यांनी जेवताना जाहीर केलं. डाव्या हाताने चमचा धरल्यामुळे त्यांचं जेवण रेंगाळलं होतं.

धाकट्याने विचारलं, "म्हणजे आता पुढच्याच वर्षी?"

"हात बघतोस ना माझा? तंबू कोण ठोकणार?"

"घरात माणसं आहेत की," बायको म्हणाली.

"तू ठोकणार?"

"मी नाही. मी वर्षभर लोकांना काय करायचं ते सांगते. तीन दिवस मी कुणाला काही सांगणार नाही आणि काही करणारही नाही. या वर्षी दगडावर मी बसणार आहे." तिने मुलांकडे मान वळवली. "ही दोघं ठोकतील."

काटेवाले हसले. मग बायको हसत नाही हे पाहून थांबले.

मुलं झोपायला गेल्यावर त्यांनी विषय पुन्हा काढला. पोरं लहान आहेत, स्टोव्ह आहे, पाणी आहे, वारा असतो. बायकोने ऐकून घेतलं.

"हे बघा," ती म्हणाली, "कुणाच्या घशात घास अडकतो, घरातला माणूस मला फोन करतो. मला इथून त्याचा हात धरता येतो का? एक वाक्य सांगायचं आणि त्याने ते करेपर्यंत गप्प बसायचं. सांगणं सोपं असतं. गप्प बसणं अवघड."

"आणि त्याचं चुकलं तर?"

"तर परत सांगायचं. ओरडायचं नाही. ओरडलं की माणूस फोन ठेवून देतो."

"आणि इथे चुकलं तर? तंबू पडला तर?"

"पडू द्या. तंबूच आहे. विस्तवाजवळ आणि पाण्याजवळ मी असेन. बाकी चुकू द्या त्यांना."

दुसऱ्या दिवशी गच्चीवर तालीम सुरू झाली. काटेवाले हात गळ्यात अडकवून पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसले. पहिल्या दिवशी धाकट्याने तंबूची लांब दांडी कापडाच्या आखूड बाहीत घातली आणि ती निघेना. थोरलीने कापड उलटं अंथरलं. एक तास दहा मिनिटं लागली आणि जे उभं राहिलं त्याला तंबू म्हणायला जीव धजत नव्हता. काटेवाले "डावी—" म्हणाले आणि गप्प झाले, "अरे, ती—" म्हणाले आणि गप्प झाले. शेवटी त्यांनी डाव्या हाताने गुडघा घट्ट धरून ठेवला. चौथ्या दिवशी तंबू पस्तीस मिनिटांत उभा राहिला. गच्चीच्या सिमेंटमध्ये खुंट्या ठोकता येत नाहीत, म्हणून दोऱ्या विटांना बांधल्या होत्या.

सामानाची यादी थोरलीने केली. वहीच्या शेवटच्या पानावर एकाखाली एक: तंबू, दांड्या, दोऱ्या, स्टोव्ह, पातेलं, तांदूळ, बटाटे, अंडी, साबण. गच्चीवर जे जे वापरलं, ते ते तिने आठवून लिहिलं आणि वर खाण्याचं आणि धुण्याचं जोडलं. ताणकाटा कुणी लटकवला नाही. धाकट्याने कासव पिशवीत टाकलं आणि तीनदा चेन उघडून ते आहे ना, हे पाहिलं.

निघायच्या दिवशी सकाळी ती यादी दाराजवळच्या स्टुलावर पडली होती, प्रत्येक ओळीपुढे खूण केलेली. काटेवाल्यांनी ती हातात घेतली नाही, नुसती वाकून पाहिली. तंबू, दांड्या, दोऱ्या. खुंट्या नव्हत्या. त्या गॅलरीतल्या फळीवर, जुन्या डब्यात होत्या. गच्चीवर लागल्याच नाहीत, मग यादीत येणार कुठून?

त्यांनी थोरलीला हाक मारायला तोंड उघडलं. आत ती धाकट्याला बुटांची नाडी बांधायला सांगत होती, "मी नाही बांधणार, तूच बांध," असं. काटेवाल्यांनी तोंड मिटलं. चुकू द्यायचं ठरलं होतं.

इथपर्यंत ठीक होतं. पण मग ते गॅलरीत गेले. डाव्या हाताने डबा उघडून बारा खुंट्या बाहेर काढल्या, खणखणू नयेत म्हणून जुन्या बनियनमध्ये गुंडाळल्या आणि स्वतःच्या पिशवीच्या तळाशी ठेवल्या. असू द्याव्यात, एवढंच त्यांच्या मनात आलं. लागल्याच तर.

प्रवास बरा झाला. थांब्यावर उतरल्यावर थोरलीने नकाशा उघडला. वाट जिथे फुटते तिथे ती बराच वेळ उभी राहिली आणि डावीकडे वळली. दोन्ही वाटा तळ्यावरच जातात हे काटेवाल्यांना माहीत होतं. डावी पंधरा मिनिटं लांबची. ते मागून चालत राहिले.

तळ्याच्या काठावर मुलांनी कापड अंथरलं, दांड्या ओवल्या, तंबू उचलला. धाकटा आतून दांडी धरून उभा होता. थोरली दोऱ्या सोडवत पिशवीपाशी आली, पिशवीत हात घालून चाचपलं, मग पिशवी उलटी केली.

"खुंट्या कुठे आहेत?"

तिने पिशवी पुन्हा झटकली.

"ताई, लवकर कर, माझा हात दुखतोय," तंबूच्या आतून आवाज आला.

थोरलीचा चेहरा पडला. तिने आईकडे पाहिलं. आई सपाट दगडावर पाय पसरून बसली होती आणि तिने फक्त खांदे उडवले. मग तिने बाबांकडे पाहिलं. काटेवाले तळ्याकडे बघत होते. त्यांचा डावा हात आपल्या पिशवीच्या चेनपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. आता काढल्या तर सगळ्याचा विचका होईल असं त्यांना वाटलं. नाही काढल्या तर काय होईल, याचा विचार त्यांनी केला नाही.

"गच्चीवर विटा होत्या," धाकटा आतून म्हणाला.

"इथे कुठून आणू विटा?"

"दगड आणू."

पुढचा तासभर दोघं दगड वाहत होती. काठावरचे दगड पाण्याने घासून गोल झालेले, दोरी त्यांच्यावरून सुटे. तिसऱ्यांदा सुटली तेव्हा थोरली खाली बसली. रडते की काय असं वाटलं, पण ती रद्दीच्या गठ्ठ्याला बांधतात तशी आडवी-उभी दोरी गुंडाळून बघत होती. ती टिकली. मागच्या दोन दोऱ्या तिने झाडाच्या उघड्या मुळांना बांधल्या. तंबू उभा राहिला, एका अंगाला झुकलेला, पण उभा.

भात धाकट्याने लावला. पाणी बोटाने मोजलं, विस्तवाशी आई उभी होती. भात खालून करपला, वरून बरा होता. जेवण होतंय तोवर वारा सुटला आणि एक कोपरा खाली बसला. दोघं उठली, मोठा दगड ढकलत आणला, पुन्हा बांधलं, पुन्हा जेवायला बसली. कुणी त्यांना उठा म्हटलं नव्हतं. काटेवाल्यांच्या ते लक्षात आलं आणि त्यांना बरं वाटलं. त्याच वेळी पाठीशी असलेली पिशवी जड वाटू लागली. कुणी उघडू नये म्हणून झोपताना ती उशाला घेण्यावाचून इलाज नव्हता. खुंट्या मानेला टोचत होत्या.

सकाळी हात ठणकत होता. बायको तळ्यावर तोंड धुवायला गेली होती. काटेवाले डोक्याखालची पिशवी थोरलीकडे सरकवत डोळे न उघडता म्हणाले, "माझ्या पिशवीत पुढच्या कप्प्यात गोळ्या आहेत, दे बरं."

थोरलीने अर्धवट झोपेत पुढचा कप्पा सोडून मोठी चेन उघडली. कपडे बाजूला सारताना तिच्या हाताला बनियनचं जड गाठोडं लागलं. ते तिने उचललं आणि आत लोखंड खणखणलं.

काटेवाले उठून बसले तेव्हा तिने गाठोडं सोडून खुंट्या ओळीने मांडल्या होत्या. ती त्या मोजत होती.

"बारा," ती म्हणाली. "सगळ्या आहेत."

"हो."

"तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"कधीपासून?"

"निघताना यादी पाहिली."

"मग सांगितलं का नाही?"

"तुझी आई म्हणाली होती, चुकू द्या."

थोरलीने थोडा विचार केला. "सांगायचं नव्हतं तर आणायच्या नव्हत्या. आणल्या होत्या तर द्यायच्या होत्या."

काटेवाल्यांनी एक खुंटी ओळीत सरळ केली.

"काल तंबू बसला तेव्हा पण नाही दिल्या."

"तुम्ही बांधत होतात. चांगलं बांधत होतात."

"म्हणजे तुम्ही आम्हाला तपासत होतात," ती म्हणाली. "दुकानातल्या काट्यासारखं."

तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं. एवढ्यात धाकटा बाहेर आला, खुंट्या बघून खूश झाला आणि दगड घेऊन एक ठोकायला लागला. "ठोकू नकोस," थोरलीने त्याच्या हातातून ती काढून घेतली आणि बाराही बनियनमध्ये परत गुंडाळून बाबांच्या पिशवीत ठेवल्या. गोळीही दिली, पाण्यासकट.

त्या दिवशी ती बाबांशी बोलली नाही. दुसरी रात्रही तंबू दगडांवरच राहिला. धाकट्याने दोनदा विचारलं की खुंट्या आहेत तर लावायच्या का नाहीत, आणि दोन्ही वेळा त्याला थोरलीकडून "नाहीत" एवढंच ऐकायला मिळालं.

बायकोकडून सहानुभूती मिळेल असं काटेवाल्यांना वाटलं होतं.

"मी चुकू द्या म्हटलं होतं," ती म्हणाली. "लपवा म्हटलं नव्हतं."

"अगं, पण वेळ आली असती तर?"

"तर काढल्या असत्यात आणि सगळ्यांपुढे मोठे झाला असतात. नाही का?"

हे आपल्या डोक्यात नव्हतं असं काटेवाल्यांना म्हणायचं होतं, पण ते अगदीच नव्हतं असंही नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी थोरली काठावर बसून करपलेलं पातेलं वाळूने घासत होती. काटेवाले तिच्याजवळ जाऊन उकिडवे बसले. प्लास्टरमुळे तोल सांभाळणं कठीण जात होतं.

"मला राहवलं नाही, म्हणून आणल्या," ते म्हणाले. "तुमच्यावर विश्वास नव्हता असं नाही." मग जरा थांबून म्हणाले, "नव्हता. थोडा कमी पडला."

थोरली घासत राहिली. "किती कमी?"

त्यांनी खरंच विचार केला. "बारा खुंट्यांएवढा."

ती हसली नाही. पण पातेलं तिने त्यांच्याकडे सरकवलं, आणि त्यांनी डाव्या हाताने त्यावर पाणी ओतलं.

"पुढच्या वेळी तुमची पिशवी मी भरणार," ती म्हणाली. "तुम्ही मध्ये उघडायची नाही."

"बरं."

"घरी पण नाही, बसमध्ये पण नाही."

"बरं म्हटलं ना."

पुढच्या वर्षी तसंच झालं. काटेवाल्यांनी पिशवी उघडली ती तळ्यावर पोचल्यावर. आत टॉवेल नव्हता. दाढीचं सामान नव्हतं. मोजे चार होते आणि चारही वेगवेगळे. तीन दिवस त्यांनी अंग शर्टाने पुसलं आणि चकार शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी थोरलीच्याच लक्षात आलं. मग दोघांनी बसून एक नियम ठरवला, आणि तो त्या घरात पुढे कायम राहिला: काही राहिलंय असं दिसलं तर निघायच्या आधी सांगायचं, एकदाच. त्यावर काही करायचं की नाही, ते ज्याचं सामान त्याने बघायचं.

बोटं मात्र पूर्ववत झाली नाहीत. दोन्ही वाकडीच राहिली. बारीक पितळी वजनांचं काम त्यांच्याकडून गेलं आणि नव्याने लागलेल्यांना शिकवायचं काम आलं. ते कुणाच्या हातातला पाना ओढून घेत नाहीत, याबद्दल कारखान्यात त्यांचं नाव झालं. मालकांना त्याचं कारण वाकडी बोटं वाटत.

सहली चालू राहिल्या, पण दर वर्षी सारख्या नाहीत. एका वर्षी पावसाने दुसऱ्याच दिवशी परत आणलं. एका वर्षी धाकट्याने स्टोव्हला पंप मारून मारून त्याचा वॉशर फाडला आणि तीन दिवस सगळ्यांनी ब्रेड आणि काकडी खाल्ली. थोरली चौदाची झाल्यावर तिने येणं बंद केलं. "कंटाळा आला," म्हणाली. दोन वर्षं तिघंच गेली. काटेवाल्यांना वाईट वाटलं, पण त्यांनी तिला आग्रह केला नाही, आणि बायकोने केला तेव्हा तिलाही थांबवलं.

थोरली अठरा वर्षांची असताना एका संध्याकाळी दोघं भावंडं समोर येऊन उभी राहिली. या वर्षी आम्ही दोघंच जातो, म्हणाली. तळ्यावर नाही, त्याच्या पलीकडे, टेकडीवर. चार दिवस. काटेवाल्यांनी नकाशा मागितला, रस्ता पाहिला आणि परत दिला.

"पाणी कुठे आहे?" त्यांनी एकदाच विचारलं.

"वाटेत झरा आहे. विचारून आलोय," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज आता फुटला होता.

ती गेली. काटेवाल्यांनी त्या दिवसांत घरातल्या सगळ्या खिडक्या पुसल्या. बायकोची ड्यूटी दुपारची होती. फोन वाजला की तिकडे ती उचलायची आणि इकडे ते घड्याळ बघायचे, असं त्यांचं चाललं होतं.

मुलं तिसऱ्याच दिवशी दुपारी परत आली. एक दिवस आधी. धाकट्याच्या कोपराला खरचटलं होतं, थोरलीचं नाक उन्हाने सोललं होतं, आणि दोघं एकमेकांशी बोलत नव्हती. पिशव्या दारात टाकून एक न्हाणीघरात गेली आणि दुसरा गॅलरीत.

"काय झालं?" काटेवाल्यांनी धाकट्याला विचारलं.

"काही नाही."

थोरलीनेही तेच सांगितलं, त्याच शब्दांत.

काटेवाल्यांनी जेवण गरम केलं. दोघं समोरासमोर बसून मुकाट्याने जेवली. धाकट्याने मीठ मागितलं ते बाबांकडे, मीठ थोरलीच्या पुढ्यात असताना. जेवून दोघं आतल्या खोलीत गेली आणि दार लोटलं गेलं.

बायको कामावरून आली तेव्हा काटेवाले ओट्याशी उभे होते. पिशव्यांतून निघालेलं पातेलं त्यांनी पाण्यात भिजत घातलं होतं. आत काय शिजवायचा बेत होता ते ओळखू येत नव्हतं.

"भांडलीत?" तिने हळूच विचारलं.

"असावीत."

"कशावरून?"

"सांगत नाहीत."

"विचारते मी," म्हणत ती दाराकडे निघाली.

आतून धाकटा काहीतरी पुटपुटला. थोरलीने उत्तर दिलं. मग दोघं एकदम हसायला लागली, थांबायचा प्रयत्न करत करत, जास्तच जोरात. थोरलीला ठसका लागला. "आणि तू काय केलंस," असं कुणीतरी म्हणालं आणि पुन्हा हसू फुटलं.

बायको दारापाशी थांबली होती. तिने मागे वळून पाहिलं.

"राहू दे," काटेवाले म्हणाले. "त्यांचं आहे ते."

तिने चपला काढल्या, पर्स खुंटाळ्याला अडकवली आणि चहाचं आधण ठेवलं. काटेवाल्यांनी तिच्यासाठी शेगडीसमोरची जागा सोडली आणि वाकड्या बोटांनी पातेल्याचा तळ खरवडायला घेतला.